खजिना कोणाचा? : राजर्षी शाहू छत्रपतींचे चरित्र

सरकारने गोरगरिबांसाठी पैसा खर्च करावा की नाही, आणि करावा तर किती, हा वाद आज घराघरांत चालला आहे. २०२३ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने एस.टी.त स्त्रियांचे भाडे निम्म्यावर आणले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कर्नाटकाने आपल्या राज्यातील स्त्रियांना साध्या बसमधून विनातिकीट प्रवास दिला. त्यामुळे आमच्या सीमाभागातली एखादी बाई निपाणीपर्यंत फुकट जाते आणि पुढे कागलहून कोल्हापूरला निम्मे तिकीट काढते. आमच्या वडगावात यंत्रमागाच्या खडखडाटातही यावर चर्चा रंगते. कुणी म्हणतो, लोकांना फुकटची सवय लावून सरकार त्यांना आळशी करीत आहे. कुणी म्हणतो, कारखानदारांना सवलती मिळतात तेव्हा कुणाचे पोट दुखत नाही. दोन्ही पक्षांना मी ऐकत असतो. विणकराच्या घरात वाढल्यामुळे शिष्यवृत्तीचे मोल मला ठाऊक आहे, आणि अर्थशास्त्र शिकवीत असल्यामुळे तिजोरीला तळ असतो हेही ठाऊक आहे.

अशा वेळी मला एका माणसाचे चरित्र पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते. हा प्रश्न त्याने व्याख्यानातून सोडविला नाही, राज्यकारभारातून सोडविला. ते म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पुतळे गावोगावी आहेत. परंतु पुतळ्याला हार घातला की माणूस समजला असे होत नाही. शिवाय ते केवळ मराठी मुलखाचे नव्हते. त्यांचे जनक घराणे निपाणीच्या शेजारचे कागलचे, मातुल घराणे मुधोळच्या घोरपड्यांचे आणि तारुण्यातले शिक्षण धारवाडला झालेले. आज बेळगाव जिल्ह्यात असलेले रायबाग त्यांच्याच संस्थानात होते. म्हणून या मासिकाच्या कन्नड विभागातील मित्रांनीही हे चरित्र आपले मानावे, अशी माझी विनंती आहे.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे अधिपती, आई राधाबाई. आईचे छत्र फार लवकर हरपले. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले आणि वयाच्या दहाव्या वर्षी कागलचे यशवंतराव कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. पुढे राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाडला फ्रेजर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यकारभार असे विषय तेथे शिकविले गेले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

त्या वेळी संस्थानाची अवस्था कशी होती? खजिन्यात येणारा पैसा मुख्यतः शेतसाऱ्याचा. म्हणजे तो भरणारा कुणबी, मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, धनगर असा कष्टकरी शेतकरी. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती असे महार, मांग, चांभार वेठबिगारीने आणि गावकीच्या चाकरीने राज्याचा गाडा ओढीत होते. परंतु त्या पैशावर चालणाऱ्या कचेऱ्यांत ही माणसे जवळजवळ नव्हती. महाराज गादीवर आले तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. याचा अर्थ असा नव्हे की ते सारे वाईट होते. शिक्षण त्यांच्याकडे होते, म्हणून नोकऱ्या त्यांच्याकडे होत्या. पण हिशेब सरळ दिसत होता. खजिना भरणारे एक आणि खजिन्याचा लाभ घेणारे दुसरे. आर्थिक न्यायाचा प्रश्न इथेच सुरू होतो, आणि तरुण राजाच्या तो लवकरच ध्यानात आला.

व्यापार वाढला तर शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळेल, म्हणून १८९५ मध्येच त्यांनी शाहूपुरी ही बाजारपेठ वसविली. पुढे ती गुळासाठी नावारूपाला आली. परंतु लगेच संकटे कोसळली. १८९६-९७ चा दुष्काळ आला, त्यापाठोपाठ प्लेग आला. त्या काळात दुष्काळ म्हणजे देवाचा कोप आणि मदत म्हणजे धनिकांचा दानधर्म, अशी सर्वसाधारण समजूत होती. महाराजांनी मात्र दुष्काळी कामे काढली, स्वस्त धान्याची दुकाने उघडली, काम करण्याची ताकद नसलेल्यांसाठी निराधार आश्रम काढले. दुष्काळी कामावर आलेल्या बायकांच्या तान्ह्या मुलांची सोय लावली. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. काम मिळाले तरी पोर सांभाळायला कुणी नसेल, तर बाई खडी फोडायला जाणार कशी? मदतीची घोषणा करणे सोपे असते. ती मदत माणसाच्या हाती पोचण्यात कोणता अडसर आहे हे पाहणे अवघड असते. महाराजांची नजर त्या अडसराकडे जात असे.

१८९९ च्या सुमारास वेदोक्त प्रकरण घडले. राजाला वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही, असे त्याच्याच दरबारच्या पुरोहिताने ठरविले. या प्रकरणाची हकीकत सर्वपरिचित आहे, ती मी विस्ताराने सांगत नाही. एवढेच सांगतो की, खुद्द छत्रपतीची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाची काय असेल, हा विचार त्या अपमानातून पक्का झाला. दुसरा एखादा राजा स्वतःचा मान मिळवून गप्प बसला असता. महाराजांनी त्या अपमानाची शाळा केली.

शाळा म्हणताना मी शब्दाशी खेळत नाही. खेड्यातली मुले शिकत का नाहीत, याचा त्यांनी शोध घेतला. कोल्हापुरात हायस्कूल होते, राजाराम कॉलेज होते. फी माफही करता आली असती. पण खेड्यातून आलेल्या मुलाने रात्री निजायचे कुठे आणि भाकरी खायची कुठे? शहरात त्याचे नातलग नव्हते आणि परक्या जातीच्या घरी त्याला ताट मिळत नव्हते. प्रथम सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले, पण तेथे अखेर पुढारलेल्या समाजाचीच मुले राहिली. तेव्हा त्यांनी मार्ग बदलला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत वसतिगृह, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. आणि पुढे शिंपी, दैवज्ञ, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती अशा अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. दरबार जागा, इमारत आणि अनुदान देई; त्या त्या समाजाने वर्गणी काढावी आणि कारभार पाहावा, अशी रीत होती. सरकारी पैसा आणि लोकांचा हातभार यांची ही सांगड होती. कुंभोजचे भाऊराव पाटील याच जैन बोर्डिंगात राहिले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. एका खोलीतून आणि दोन वेळच्या जेवणातून किती मोठे झाड उगवू शकते, याचे हे उदाहरण कुठल्याही अर्थशास्त्रज्ञाच्या कोष्टकात बसणार नाही.

१९०२ मध्ये महाराज विलायतेस गेले असताना, २६ जुलैला, त्यांचा प्रसिद्ध हुकूम निघाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्यात, अशी आज्ञा झाली. मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सारे. लोकमत खवळले. अर्थात, त्या काळी लोकमत म्हणजे वर्तमानपत्रे काढणाऱ्यांचे आणि वाचणाऱ्यांचे मत. ज्यांच्यासाठी हुकूम निघाला त्यांना तो वाचताही येत नव्हता! योग्यतेला डावलून जातीला मान दिला जातो, कारभार बिघडेल, असे आक्षेप पुण्यामुंबईपर्यंत घेतले गेले.

या संदर्भात सांगलीच्या अभ्यंकर वकिलांची आख्यायिका आमच्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. त्यांनी महाराजांशी योग्यतेवरून वाद घातला. महाराज त्यांना घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. एरवी प्रत्येक घोड्याच्या तोंडाला त्याच्या वाट्याच्या चंदीची पिशवी बांधलेली असे. त्या दिवशी महाराजांनी सारी चंदी एका जाजमावर ओतायला लावली आणि घोडे सोडून दिले. धट्टीकट्टी घोडी पुढे घुसली, तिन्हीत्रिकाळ लाथा झाडू लागली. शिंगरे आणि म्हातारी घोडी कडेला उभी राहिली. महाराजांना अधिक बोलावे लागले नाही. गोष्ट घडली तशीच घडली की लोकांनी ती घडविली, हा वाद मी करीत नाही. लोकांनी ती शतकभर जपली आहे, यावरून लोकमत कसे पालटत गेले हे कळते. मात्र गोष्टीतली एक बाब सहसा कुणी सांगत नाही. चंदी पागेतच होती, सर्व घोड्यांच्या नावाची होती. ती कुणाच्या घरून आणलेले दान नव्हते.

१९१२ पर्यंत चित्र बदलले. अधिकाऱ्यांची संख्या ९५ झाली होती आणि त्यांत ब्राह्मण ३५ होते. म्हणजे कुणाला हाकलून दिले नव्हते. दार रुंद केले होते. संस्थानाचा कारभारही कोसळला नाही. भास्करराव जाधवांसारखे बुद्धिमान तरुण महाराजांनी हेरले आणि मोठ्या जागांवर नेमले. हेच जाधव पुढे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले.

आता सक्तीच्या शिक्षणाकडे वळू. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात हा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यात नेला. ब्रिटिश हिंदुस्थानात नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये असे विधेयक आणले. गोखल्यांचेही बालपणीचे शिक्षण कागलला आणि कोल्हापुरात झाले होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९१२ मध्ये कायदेमंडळात त्यांच्या बाजूने १३ आणि विरुद्ध ३८ मते पडली. पैसा कुठून आणणार, रयतेला हे नको आहे, शेतावर मजूर मिळणार नाहीत, असे आक्षेप होते. शंभर वर्षांनंतर आजही कल्याणकारी योजनेवर चर्चा निघाली की हेच आक्षेप नव्या कपड्यांत हजर होतात.

महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा हुकूम काढला. ४ मार्च १९१८ रोजी करवीर पेट्यातील चिखली येथे पहिली शाळा उघडली. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया मोठा होता. दंडाचे नाव ऐकताच रयत कुरकुरली. गुरे कोण राखणार, धाकटे भावंड कोण सांभाळणार, हा बापाचा प्रश्न खोटा नव्हता. म्हणजे विरोध केवळ वरच्या वर्गाचा होता असे नव्हे. ज्यांचे भले व्हायचे त्यांनाही ते भले आरंभी ओझेच वाटले. लोकमत मोजून सरकारने पाऊल टाकायचे म्हटले असते, तर ती शाळा उघडलीच नसती. पण शाळा उघडल्या आणि मुले येऊ लागली. पहिल्या वर्षी सक्तीच्या २७ शाळांत १,२९६ मुले होती. १९२१-२२ मध्ये ४२० शाळांत २२,००७ मुले शिकत होती. चार वर्षांत लोकमत पटावर लिहिले गेले.

याच सुमारास त्यांनी घेतलेले दोन निर्णय मला शाळेइतकेच मोलाचे वाटतात. १९१८ मध्ये त्यांनी महार वतने खालसा करून त्या जमिनी वतनदारांच्या नावे रयतावा केल्या. वतन म्हटले की मान वाटतो. पण महार वतन म्हणजे जमिनीच्या चिमुकल्या तुकड्याच्या मोबदल्यात साऱ्या कुटुंबाने रात्रंदिवस, मागेल त्याची, बिनपगारी चाकरी करायची. तुकडा पिढ्यान्पिढ्या वाटला जाऊन मूठभर होई, चाकरी मात्र तेवढीच राही. ती बेडी तुटताच माणूस आपल्या श्रमाचा धनी झाला. आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर सरकारी शाळेत बसविण्याचा हुकूम निघाला. सोय वेगळी दिली की कमी प्रतीची सोय दिली जाते, हे त्यांनी ओळखले होते. त्याच १९१८ साली धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीतील अपघातात वारले. त्यांची बालविधवा पत्नी इंदुमतीदेवी हिला महाराजांनी घरच्या लोकांचा विरोध पत्करून शिकविले. जे रयतेला सांगितले ते स्वतःच्या वाड्यातही केले.

केवळ वाटप करून राज्य चालत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. १९०६ मध्ये कोल्हापुरात कापसाची गिरणी निघाली. भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले. लहानशा संस्थानाला ते झेपणारे नव्हते; पैशाअभावी काम अर्ध्यावर थांबले आणि ते पुरे झाले स्वातंत्र्यानंतर. टीकाकारांना तेव्हा बोट दाखवायला जागा मिळाली असेल. पण त्याच धरणाच्या पाण्यावर पुढे ऊस उभा राहिला. सार्वजनिक खर्चाची फळे कधीकधी खर्च करणाऱ्याच्या हयातीत दिसत नाहीत. म्हणून एका वर्षाच्या ताळेबंदावरून त्याचा निवाडा करणे धोक्याचे असते.

१९२० हे वर्ष धामधुमीचे गेले. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांना अस्पृश्यांचा पुढारी म्हणून पुढे केले. जुलैमध्ये हुबळीला कर्नाटकातील ब्राह्मणेतरांच्या परिषदेचे ते अध्यक्ष झाले. भाषेची भिंत त्यांच्या कामाच्या आड आली नाही. त्यांचे चरित्र प्रथम विस्ताराने लिहिले ते अण्णासाहेब लठ्ठे यांनी. लठ्ठ्यांनी बेळगावात वकिली केली आणि १९३७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना अठ्ठेचाळिसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

चरित्र सांगताना केवळ आरती ओवाळू नये. महाराजांची वसतिगृहे जातवार होती. त्यांतून जाती घट्ट होतील ही टीका त्या काळीही झाली, आणि ती सर्वस्वी चुकीची होती असे मला म्हणवत नाही. दुसरे असे की, हे सारे एका राजाच्या मर्जीवर उभे होते. रयतेला मत नव्हते. चांगला राजा असेल तर शाळा, नसेल तर नाही! राजाने दिलेले दान राजा मागेही घेऊ शकतो. म्हणून त्या देण्याला कायद्याचा आधार हवा होता. तो मिळायला फार काळ गेला. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क ठरले आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकाचा पराभव झाल्याला तोवर अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती.

आमच्या शेजारच्या निपाणीचे उदाहरण घ्या. विड्या वळणाऱ्या हजारो बायकांच्या जिवावर तेथील तंबाखूचा व्यापार वाढला. १९७६ मध्ये विड्यांवर एक लहानशी पट्टी बसवून कामगार कल्याण निधी उभारण्याचा कायदा झाला. त्यातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. धंद्याने कामगाराला परत देण्याची ती सरळ वाट होती. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि ती पट्टी रद्द झाली. योजना आता अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर अवलंबून राहिल्या. विडी वळणाऱ्या बाईच्या मुलीला याची खबरही नसेल. परंतु हक्काचा झरा आणि वरून सोडलेले पाणी यांत काय फरक असतो, तो इथे दिसतो.

मग फुकट या शब्दाचे काय करायचे? माझ्या मते, शाहू चरित्र वाचल्यावर तो शब्द जपून वापरावा. आज शेतसाऱ्याची जागा इतर करांनी घेतली आहे. मीठमिरचीपासून साबणापर्यंत काहीही विकत घेताना मजूरही या ना त्या रूपाने कर भरतो. त्याला पावती मिळत नाही एवढेच. त्याच्या मुलाला शाळा किंवा दवाखाना मिळतो तेव्हा त्याचेच पैसे त्याच्याकडे येत असतात. पण याचा अर्थ प्रत्येक योजना चांगली, असाही नव्हे. महाराजांनी जे दिले त्याने माणूस स्वतःच्या पायावर उभा राहिला: वसतिगृह, शाळा, नोकरीचे दार, वेठीतून सुटका, शेताला पाणी. निवडणुकीच्या तोंडावर जाहीर होणारे प्रत्येक देणे या कसोटीला उतरते का, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. विचारणे हे कर्तव्यही आहे. पण ही कसोटी गरिबाच्या बसतिकिटाला लावायची आणि श्रीमंताच्या करसवलतीला लावायची नाही, हा मात्र अन्याय होईल.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांची फी माफ आहे, अनेक जण वसतिगृहात राहतात, काहींना शिष्यवृत्ती मिळते. ती घेताना मान खाली घालू नका. ती भीक नव्हे. पण ती कुणाच्या घामातून आली हे विसरूही नका. खजिन्याचे मालक आपण असू, तर खजिन्याचा हिशेब वाचण्याची जबाबदारीही आपलीच आहे. यंदा राज्याचा अर्थसंकल्प मांडला जाईल तेव्हा वाचनालयात बसून त्यातले शिक्षणाचे आणि आरोग्याचे आकडे तेवढे पाहा, मागल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहा, आणि मग आपले मत बनवा. शाहू महाराजांच्या रयतेला हुकूम वाचता येत नव्हता. आपल्याला येतो.